जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

आठवडाभराच्या संततधारेनंतर ऊन पडते आणि कोथरूडमधील सोसायट्यांच्या वाहनतळांवर एक ओळखीचा आवाज उमटू लागतो. चावी फिरते, 'टक' असा एकच ठोका ऐकू येतो आणि पुन्हा शांतता पसरते. पुढच्या इमारतीत सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. दहाणूकर कॉलनी असो वा मयूर कॉलनी, जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर पंधरा-वीस वर्षांची एखादी मारुती ८००, झेन, सॅन्ट्रो किंवा इंडिका हमखास सापडते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि पुढे ती रामवाडीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून यांपैकी कित्येक गाड्या आठवड्यातून एखाद्या दिवशीच बाहेर पडतात. मोटारीला चालण्यापेक्षा उभे राहणे अधिक बाधते, हे त्यांच्या मालकांच्या ध्यानात आता येऊ लागले आहे.

योगायोग असा, की देशातील मोटारींची कठोर परीक्षा घेणारी 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' अर्थात 'एआरएआय' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था याच कोथरूडच्या माथ्यावर, वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर नव्या गाड्या प्रमाणित होत असताना पायथ्याच्या जुन्या गाड्यांना मात्र जाणता फिटर मिळणे दुरापास्त झाले आहे. प्लॅटिनम पॉइंट घासून त्यांतील अंतर साधणारी, कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून जेट ओळखणारी पिढी निवृत्तीला आली. नव्या पिढीचा मेकॅनिक संगणक जोडून बिघाड वाचतो, आणि जुन्या गाडीला संगणक जोडण्याची सोयच नसते.

खर्चाचे गणितही बदलले आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले. वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आले. हरित कर, विमा आणि तपासणीपूर्वीची डागडुजी निराळीच. ज्या गाडीची बाजारातली किंमतच चाळीस-पन्नास हजार, तिच्यावर दरवेळी अंदाजाने सुटे भाग बदलत राहणे कोणाला परवडणार? बिघाड नेमका कोठे आहे एवढे घरी कळले, तरी निम्मा खर्च वाचतो. भाग बदलणे हे पुढचे काम. ते स्वतः करावे की गॅरेजवर सोपवावे, हे नंतर ठरवता येते.

विजेचा हिशेब

सकाळी गाडी सुरू न होण्यामागे बहुधा बॅटरी किंवा तिची जोडणी असते. येथे कान हे पहिले उपकरण. चावी फिरवताच 'टकटकटक' असा भराभर आवाज आला, तर बॅटरीत जीव कमी आहे असे समजावे. एकच ठोका पडून सारे थांबले, तर संशय स्टार्टरच्या सोलेनॉइडवर किंवा सैल जोडणीवर जातो. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. शोध पेट्रोल आणि ठिणगीकडे वळवावा. शंका उरलीच, तर हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे विझू विझू झाले, तर बॅटरी अशक्त किंवा टर्मिनल गंजलेले. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ ढिम्म, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही.

यापुढची तपासणी मल्टीमीटरची. काहीशे रुपयांना मिळणारे हे यंत्र जुन्या मोटारीच्या मालकाने पाना-पक्कडीच्या आधी घ्यावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान गेला पाहिजे. तो जागचा हललाच नाही, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा. अशा वेळी नवी बॅटरी आणली, तर तीही चार दिवसांत मान टाकते आणि दुकानदाराला बोल लागतो. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर मात्र बॅटरीचे आयुष्य सरले, असे मानायला हरकत नाही.

फारसा कोणी करत नाही, पण हमखास फळ देणारा आणखी एक प्रयोग आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवर आवळलेल्या पट्टीवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. खुंटी आणि पट्टी एकमेकींना घट्ट भिडलेल्या असल्याने मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवे. अर्धा व्होल्ट दिसला, तर डोळ्यांना न दिसणारा गंज मध्ये बसला आहे. पट्टी सोडवावी, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावी, कोरडी करून पुन्हा आवळावी आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. सोडवताना आधी ऋण टोक आणि जोडताना ते शेवटी, हा क्रम चुकवू नये. अन्यथा पाना धन टोकावरून गाडीच्या पत्र्याला टेकला, की डोळे दिपवणारी ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, हेही स्मरणात असावे. इंजिनपासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचीही अशीच तपासणी करावी. जुन्या गाड्यांतील अनेक 'भुताटकी'चे प्रकार, म्हणजे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणे वगैरे, खराब अर्थिंगमुळे घडतात.

उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर कोठेतरी वीज गळते आहे. ऋण वायर सोडवून तिच्यात आणि बॅटरीत मीटर अँपियरच्या खाचेत जोडावा. सारे बंद असताना सुमारे ५० मिलिअँपियरहून अधिक प्रवाह वाहत असेल, तर एकेक फ्यूज काढत जावा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या मंडलात चोर आहे. नंतर बसवलेला स्टिरिओ, सुरक्षा अलार्म किंवा डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे संशयित. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा जो जुना 'जुगाड' आहे, तो कोणी कितीही अनुभवाने सांगितला तरी ऐकू नये. फ्यूज वाचवला, तर जळते ती वायरिंग, आणि तिच्याजवळून पेट्रोलची नळी गेलेली असते.

ठिणगी आणि पेट्रोल

सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांपैकी एक गैरहजर आहे. हवा सहसा दगा देत नाही. उरलेल्या दोघांची हजेरी घरी घेता येते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत थंड इंजिनावर एअर फिल्टरचे झाकण काढून आत टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि ॲक्सिलरेटरची तार हाताने एकदा ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर कार्ब्युरेटरपर्यंत इंधन आले आहे. पिचकारी नसेल, तर पंप, फिल्टर किंवा तडकलेली नळी यांपैकी कोणीतरी अडथळा आहे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर इंजिन 'फ्लड' झाले आहे. चोक बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. जादा पेट्रोल निघून जाते. साधारण २००० नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत चावी 'ऑन' करताच मागच्या टाकीतून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी. ती आली नाही, तर टाकी उतरवण्याआधी पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा.

ठिणगीच्या बाबतीत पावसाळ्यातला एक स्वस्त उपाय जाणकार आवर्जून सांगतात. रात्री दिवे बंद करून, बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे दुरून पाहावे. प्लगच्या वायरींवर किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वीज प्लगऐवजी बाहेरच्या बाहेर उडी मारते आहे. टोपी काढून आतून कोरडी पुसली, तर अनेकदा गाडी लगेच सुरू होते. पण टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ उमटलेली असेल, तर ती तडा किंवा जळालेली वाट असते आणि टोपी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. येथे हजारो व्होल्टचा मामला आहे. चालू इंजिनाच्या वायरींना हात लावू नये आणि पेसमेकर बसवलेल्यांनी तर त्या बाजूला फिरकूच नये.

स्पार्क प्लग काढून पाहणे म्हणजे इंजिनाची जीभ पाहणे. टोक फिकट तपकिरी असेल, तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. एअर फिल्टर तपासावा, चोक अर्धवट अडकला आहे का तेही पाहावे. ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल वर चढते आहे. पांढरेफटक टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन अति तापते आहे. मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. तिघांचे प्लग ओळीने मांडले आणि एकच वेगळा दिसला, तर बिघाड त्या एका सिलिंडरपुरता आहे, हे गॅरेजमध्ये न जाताही कळते. प्लग पुन्हा बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तिरका प्लग पान्याने रेटला, की आटे जातात आणि शंभर-दोनशेचे काम हजारांत जाते.

पद्मिनी बाळगणाऱ्यांची गोष्ट याहून निराळी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या १०८९ सीसीच्या गाडीने घाटांत कित्येक कुटुंबांना अर्ध्या वाटेवर उभे केले. मुंबईत तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रस्त्यावरून उतरली; हौशी मालकांच्या पद्मिनी मात्र पुण्यात अजूनही दिसतात. इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफेचा बुडबुडा पंपाला पुढे ढकलता येत नाही आणि गाडी बंद पडते. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. खंबाटकीत किंवा खंडाळ्यात पंपावर ओले फडके गुंडाळून बसलेला प्रवासी शास्त्रशुद्ध इलाजच करत होता: पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. नळी इंजिनापासून दूर बांधणे हा त्यावरचा कायमचा उपाय.

इथेनॉलचा नवा पाहुणा

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी योग्य साहित्याच्या बनू लागल्या. त्याआधीच्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपातील पडदे आणि गॅस्केटे या मिश्रणाचा विचार करून बनलेली नाहीत. रबर फुगते, मऊ पडते किंवा तडकते. टाकीच्या तळाचा जुना थर सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. महिनोन्महिने उभ्या गाडीत पाणी अधिक झाले, तर ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तेथूनच ओढतो. कार्ब्युरेटरला तर मिश्रण आपोआप सुधारण्याची सोय नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ पडते, थंड इंजिन चटकन पेटत नाही आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते.

त्यामुळे पूर्वी दुय्यम वाटणारे एक काम आता पहिल्या क्रमांकावर आले आहे. दर महिन्याला टॉर्च घेऊन टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या पाहाव्यात आणि बोटांनी दाबाव्यात. चिकट, फुगलेली किंवा भेगाळलेली नळी दिसली, तर इथेनॉल सोसणारी नळी आणि नव्या क्लिपा बसवून घ्याव्यात. असे किरकोळ सामान नाना पेठेतील मोटार पार्टच्या दुकानांत मिळते. नळी बदलेपर्यंत गाडी काढू नये. गाडी फारशी फिरत नसेल, तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवण्यापेक्षा थोडे भरून ते वापरत राहणे श्रेयस्कर.

चांदणी चौकाचा चढ

इंजिन तापण्याच्या तक्रारीत 'केव्हा' तापते हा प्रश्न 'किती' यापेक्षा महत्त्वाचा. कर्वे रस्त्यावर सिग्नलला तापते आणि रस्ता मोकळा होताच निवते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नसावा. पंखा विजेवरचा असेल, तर त्याचा फ्यूज, रिले आणि थर्मोस्विच पाहावा. एसी लावताच पंखा फिरत असेल, तर मोटर ठीक आहे आणि दोष बहुधा स्विचचा. याउलट, पौड रस्त्यावर ठीक असलेली गाडी चांदणी चौकाच्या चढावर काटा वर नेत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला आहे, कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतल्याने क्षार साचतात. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मेनिम्म असावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडण्याची चूक दर उन्हाळ्यात कोणीतरी करतेच. आत दाब असल्यामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू सुमारे २० अंशांनी वाढलेला असतो. झाकण सैल होताच दाब जातो, सारा द्रव एकदम उकळून अंगावर येतो. काटा वर गेला, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण लावावा, गाडी कडेला घ्यावी आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. कूलंट सतत कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले आहे, सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ही लक्षणे हेड गॅस्केटची. येथे घरचा वैद्य थांबतो. इतर धुरांची भाषा सोपी आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. तो उतारावरून आल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर देताच दिसला तर व्हॉल्व्ह सील, आणि चढावर सतत दिसला तर पिस्टन रिंगा.

ब्रेकच्या बाबतीत घरी फक्त तपासणी करावी, दुरुस्ती नव्हे. या लेखातील सर्वांत कडक पथ्य हेच. इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा कोठेतरी गळती. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळ्यांत हवा. बूस्टर असलेल्या गाडीत चार-पाच वेळा पेडल मारून दाबून धरावे आणि गाडी सुरू करावी. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर शाबूत आहे. ब्रेक ऑइलची पातळी महिनोन्महिने थोडीथोडी उतरणे पॅड झिजण्याचे लक्षण, आठवड्यात उतरणे गळतीचे. हे ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून दोनेक वर्षांनी बदलून घ्यावे. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली, एक मिनिटासाठीही, कोणी शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो. खाली शिरायचे तर लोखंडी घोड्या हव्यात.

कोथरूडचे दोन स्थानिक बिघाडही नमूद करायला हवेत. टेकडीलगतच्या सोसायट्यांत उंदीर-घुशी इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी अचानक 'मिसिंग' करू लागली किंवा एखादा दिवा लागेनासा झाला, तर प्लगच्या वायरी आणि इंजेक्टरचे कनेक्टर आधी पाहावेत. दुसरा बिघाड झाडांचा. गुलमोहराची बारीक पाने काचेखालच्या जाळीत साचतात, पाण्याची वाट बुजते आणि पाऊस थेट पुढच्या सीटखाली उतरतो. मॅटखालचा ओलावा वर्षभर दिसत नाही; दिसतो तेव्हा पत्र्याला भोक पडलेले असते. पावसाळ्यापूर्वी ती जाळी आणि दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके तारेने मोकळी करायला दहा मिनिटे लागतात.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

बहुतेक मालक पीयूसीचे प्रमाणपत्र काचेमागच्या खणात टाकतात आणि विसरतात. वास्तविक तो इंजिनाचा प्रयोगशाळेतील अहवाल आहे. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. स्टेज-२ व ३ च्या गाड्यांना ती ०.५ टक्के व ७५०, तर स्टेज-४ च्या गाड्यांना ०.३ टक्के व २००. केवळ कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे: एअर फिल्टर, चोक किंवा कार्ब्युरेटरची जुळवणी पाहावी. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे: प्लग, वायर किंवा टोपी तपासावी. स्टेज-३ पर्यंतच्या गाड्यांना ही तपासणी दर सहा महिन्यांनी करावीच लागते. मागच्या चिठ्ठ्या जपून आकडे शेजारी शेजारी मांडले, तर बिघाड रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी कागदावर दिसू लागतो. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करण्यापूर्वी तर ही वही आवर्जून उघडावी. स्टेज-४ च्या २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या खाचेत एक छोटा स्कॅनर जोडला, की बिघाडाचे संकेतांक मोबाइलवर येतात. त्याआधीच्या गाड्यांना हीच चिठ्ठी, एक मल्टीमीटर, टॉर्च आणि मालकाचा कान.

ऑइल घरी बदलणाऱ्यांनी निघालेले काळे ऑइल सोसायटीच्या गटारात सोडू नये. ते नाल्यावाटे मुठेत जाते. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दिले, तर तेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी पाठवता येते.